तिकीट खिडकीवरून एमएफएकडे : गिरगावातल्या एका अर्जदाराचं प्रकरण

हे प्रकरण एका मुलीचं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं नाव, ती जिथे काम करायची ती निर्मितीसंस्था आणि तिने अर्ज केलेल्या विद्यापीठांपैकी कोणी काय उत्तर दिलं, हे सांगणार नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. मी स्वतः वीसेक वर्षं व्यावसायिक नाटकांच्या व्यवस्थापनात काढली आणि आता परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या नाटकातल्या मुलांना अर्जासाठी मदत करते. अभिनय, दिग्दर्शन, प्रकाशयोजना यासाठी जाणारी मुलं येतात. नाटक चालवायचं कसं हे शिकायला जायचंय, असं म्हणत आलेली ही पहिलीच. म्हणून तिच्या दोन वर्षांच्या खटपटीची नोंद नीट करून ठेवावीशी वाटली.

पार्श्वभूमी

गिरगावातली चाळ, पागडीची खोली. वडील कापड बाजारात हिशोब लिहायचे, आई डबे करून द्यायची. शाळा मराठी माध्यमाची, पुढे मुंबईतच बी.कॉम. कॉलेजात एकांकिकांच्या मोसमात ही कायम मागच्या बाजूला: प्रॉपर्टीची पेटी, तालमीच्या हॉलचं भाडं, स्पर्धेच्या दिवशी टेम्पो वेळेवर आला का, सगळ्यांनी जेवणाचे पैसे दिले का. पदवी झाल्यावर दादरमधल्या एका निर्मात्याच्या ऑफिसात लागली. माझ्याकडे आली तेव्हा तिथे तिला पाच वर्षं होत आली होती.

तिचं काम काय होतं, हे सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या नावावरून झाला. मुंबई-ठाण्यातल्या नाट्यगृहांच्या तारखा मिळवायच्या. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, गडकरी रंगायतन, कालिदास, प्रबोधनकार ठाकरे. कोणत्या ठिकाणी सकाळचं सत्र चालतं, कुठे दुपारचं, कुठे रात्रीचं, हे लक्षात ठेवून महिन्याची मांडणी करायची. जाहिरात द्यायची. प्लॅन, म्हणजे तिकीटविक्रीसाठी खुला होणारा खुर्च्यांचा तक्ता, कधी लावायचा ते ठरवायचं. ऑनलाइन तिकिटं आणि खिडकीवरची तिकिटं यांचा मेळ घालायचा. प्रयोग संपला की मेकअप रूमच्या बाजूच्या टेबलावर बसून नाईटची, म्हणजे कलाकारांच्या प्रयोगागणिक मानधनाची, पाकिटं भरायची, रंगमंच कामगारांचे पैसे चुकते करायचे, नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो, बस, इस्त्रीवाला, चहा, असा हिशोब रात्रीच बंद करायचा. दौऱ्यावर सोळा-सतरा माणसांची राहण्या-जेवणाची सोय तिच्याकडेच.

आणि एक वही. निळ्या पुठ्ठ्याची, लांब, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तशी. प्रत्येक प्रयोगाला एक ओळ: तारीख, नाट्यगृह, सत्र, प्लॅन किती दिवस आधी लागला, पहिल्या दिवशी किती तिकिटं गेली, शेवटच्या दोन तासांत किती गेली, बाल्कनी उघडावी लागली का, तिसरी घंटा किती मिनिटं उशिरा झाली, आणि का. ‘का’च्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असला की मुलुंड-ठाण्याच्या दुपारच्या प्रयोगाला लोक दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतात आणि खिडकीवरची विक्री पडते, हे तिने तीन वर्षांच्या ओळी जोडून दाखवलं होतं. त्यावरून मेगाब्लॉकच्या रविवारी ती प्लॅन दोन दिवस आधी लावायला लागली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी ती वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा हिचा अर्ज होणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. अडथळे दुसरीकडेच होते.

अडचण

पहिली अडचण पदवीची. तिची बी.कॉम. तीन वर्षांची, म्हणजे शाळेपासून मोजली तर पंधरा वर्षं. अमेरिकेत पदवी चार वर्षांची असते, त्यामुळे काही विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, काही तीन वर्षांची भारतीय पदवी तशीच स्वीकारतात, तर काही गुणपत्रिकांचं मूल्यांकन एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून आणायला सांगतात. एकाच विद्यापीठात नाट्यविभाग ‘चालेल’ म्हणतो आणि पदव्युत्तर प्रवेश कार्यालय ‘चालणार नाही’ म्हणतं, असंही होतं.

दुसरी अडचण पैशाची. पागडीची खोली म्हणजे मालकी नाही. बँकेकडे तारण म्हणून ठेवायला ती कामाची नाही. दुसरं घर नाही, गावची जमीन काकांच्या नावावर. विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्था अभ्यासक्रम बघतात, पुढे किती पगार मिळेल ते बघतात. संगणकशास्त्राला मिळतं तसं कर्ज नाट्य व्यवस्थापनाला मिळत नाही, हे आम्हाला तीन ठिकाणी विचारल्यावर कळलं.

तिसरी अडचण आम्हा दोघींनाही पहिल्या वर्षी दिसलीच नाही. ती भाषेची. इंग्रजीची नव्हे, टोफेलला तिला चांगले गुण पडले. अडचण होती आपल्या कामाला त्यांच्या भाषेत काय म्हणायचं याची.

पर्याय काय होते

सुरुवातीला तिच्या डोक्यात एकच होतं: न्यूयॉर्क. ब्रॉडवे, तिथलं विद्यापीठ, तीन वर्षांची एमएफए, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स ही पदव्युत्तर पदवी. मी तिला कागद घेऊन बसवलं आणि चार रस्ते मांडले.

एक, अमेरिकेतली एमएफए. कोलंबियात नाट्य व्यवस्थापन आणि निर्मितीची एमएफए आहे, येलमध्ये थिएटर मॅनेजमेंट आहे, ब्रुकलिन कॉलेजात परफॉर्मिंग आर्ट्स मॅनेजमेंटची एमएफए आहे, फ्लोरिडा स्टेटमध्येही आहे. कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम कला व्यवस्थापनाचा, त्यात नाटकासोबत संग्रहालयं, संगीत सगळं येतं. पैशाच्या बाबतीत यांत जमीन-अस्मानाचं अंतर. येलच्या डेव्हिड गेफन स्कूल ऑफ ड्रामाने २०२१ मध्ये १५ कोटी डॉलरच्या देणगीनंतर सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची शिकवणी फी माफ केली, परदेशी मुलांचीसुद्धा. जागा मात्र मोजक्या आणि अर्ज जगभरातून. खासगी विद्यापीठांत फीच वर्षाला ६० हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकते. काही सरकारी विद्यापीठांत असिस्टंटशिप मिळते: आठवड्याला काही तास विद्यापीठाच्या नाट्यगृहात काम करायचं, बदल्यात फी माफ किंवा कमी आणि थोडं मानधन.

दोन, लंडन. रॉयल सेंट्रल स्कूलमध्ये क्रिएटिव्ह प्रोड्युसिंग, गोल्डस्मिथ्समध्ये कला प्रशासन आणि सांस्कृतिक धोरण. एमए एका वर्षात होते, तीन वर्षांची भारतीय पदवी तिथे सहसा अडत नाही, आणि चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, चेव्हनिंग अशा शिष्यवृत्त्यांना वाट असते. चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तिच्याकडे दुप्पट होता.

तीन, आधी इथेच काहीतरी करणं. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातली अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मिळते. त्याने पंधरा-सोळा वर्षांचा प्रश्न मिटला असता. पण तिथला भर नाट्यकलेवर, व्यवस्थापनावर नाही.

चार, न जाणं. हा पर्याय मी प्रत्येक अर्जदारापुढे ठेवते आणि तो गंभीरपणे ठेवते. निर्माता तिला पगारवाढ द्यायला तयार होता. आणखी पाच वर्षांत ती स्वतः एखादं नाटक काढू शकली असती.

‘ताई, मला हेच काम करायचंय, फक्त ते अंदाजाने करायचं नाहीये,’ असं ती म्हणाली. त्यावर आम्ही चौथा पर्याय बाजूला ठेवला. तिसराही ठेवला, कारण दोन वर्षं देऊन हातात अभिनयाची पदवी घेण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेत पाच आणि लंडनमध्ये एक, असे सहा अर्ज ठरले.

पहिलं वर्ष

आम्ही सप्टेंबरात सुरुवात केली. हा उशीर होता, हे आज कळतं. अमेरिकेतल्या अर्जांच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, आणि मराठी नाटकासाठी दिवाळीपासून जानेवारीपर्यंतचा काळ म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. शनिवार-रविवारी दोन-दोन प्रयोग, मधेच कोकण दौरा. तिने उद्देशपत्राचा पहिला मसुदा चिपळूणहून परतताना बसमध्ये फोनवर लिहिला. सुरुवात अशी होती: ‘मला लहानपणापासून रंगभूमीची आवड आहे.’

मी ते वाक्य खोडलं नाही, फक्त विचारलं की हे वाक्य हॉलमधल्या प्रत्येक प्रेक्षकाला लागू होतं की नाही. तिने दुसरा मसुदा केला, तिसरा केला. तरी त्यात नाटकाबद्दलचं प्रेम जास्त आणि कामाबद्दल कमी. वेळ संपत आली तसा आम्ही तिसराच पाठवला.

शिफारसपत्रांबद्दलचा निर्णय त्याहून महत्त्वाचा ठरला. तीन पत्रं लागत होती. एक निर्मात्याचं, एक कॉलेजातल्या प्राध्यापकांचं. तिसऱ्यासाठी दोन नावं होती. एक नाटकातले नावाजलेले नट, दूरदर्शनवर, सिनेमात असलेले. दुसरे ऑफिसातले काका, ज्यांचं नाव जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून छापून येतं, जे तीस वर्षं हेच काम करताहेत आणि ज्यांनी हिला पहिला प्लॅन लावायला शिकवला. काकांना इंग्रजी लिहिता येत नाही. नटसाहेब म्हणाले, तूच लिही, मी सही करतो.

इथे मी चुकले. स्वतःचं पत्र स्वतः लिहू नकोस, हे मी ठामपणे सांगितलं आणि नटसाहेबांनी अखेर आपल्या माणसाकडून ते लिहून घेतलं. पण मुळात ते पत्र घ्यावं की नाही, यावर मी अडून बसले नाही. मोठ्या नावाचा काहीतरी उपयोग होईल असं मलाही वाटलं. अमेरिकेतल्या निवड समितीला ते नाव माहीत असायचं कारण नव्हतं, आणि पत्रात ‘अत्यंत मेहनती, हसतमुख, कर्तव्यदक्ष’ याखेरीज काही नव्हतं. विशेषणांनी भरलेलं पत्र वाचून कोणाला काय कळणार?

रेझ्युमेत तिने आपल्या पदासाठी ‘प्रॉडक्शन मॅनेजर’ लिहिलं. आपल्याकडे सगळे तसंच म्हणतात, मीही म्हणत आले. फेब्रुवारीत दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिल्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, नेपथ्याचे तांत्रिक आराखडे तू कोणत्या सॉफ्टवेअरवर तपासतेस, रिगिंगची, म्हणजे वर टांगलेल्या सामानाची, सुरक्षितता कोण बघतं? ती गोंधळली. अमेरिकेत प्रॉडक्शन मॅनेजर म्हणजे तांत्रिक विभागाचा प्रमुख: सेटची बांधणी, वेळापत्रक, तंत्रज्ञ. ती जे करत होती त्याला तिथे कंपनी मॅनेजर, बॉक्स ऑफिस मॅनेजर आणि थोडंफार जनरल मॅनेजर म्हणतात. तीन माणसांचं काम. एका चुकीच्या शब्दाने तिची पाच वर्षं त्यांच्यापुढे दुसऱ्याच कोणाची तरी झाली.

दुसऱ्या मुलाखतीत विचारलं, तुमच्या संस्थेचं ध्येयविधान काय? तिथली बरीच नाट्यगृहं ना-नफा संस्था असतात. त्यांचं विश्वस्त मंडळ असतं, देणगीदार असतात, वर्षभराच्या नाटकांचे सभासद असतात, आणि ‘आम्ही हे का करतो’ याचं लेखी उत्तर असतं. आपल्याकडे निर्माता स्वतःचे पैसे घालतो, नाट्यगृह सत्रावर भाड्याने घेतो, तिकिटं विकून वसूल करतो. तिने खरं उत्तर द्यायला हवं होतं की आमच्याकडे ही पद्धतच नाही, आणि म्हणूनच मी शिकायला येतेय. त्याऐवजी तिने तिथल्या तिथे एक ध्येयविधान रचून सांगितलं. ते रचलेलं आहे हे समोरच्यांना कळलं असणार.

मार्चअखेर निकाल आले. तीन नकार, एक प्रतीक्षायादी जी पुढे सरकलीच नाही. न्यूयॉर्कच्या एका महागड्या विद्यापीठाने प्रवेश दिला, फीत किरकोळ सवलत. लंडनहून प्रवेश, शिष्यवृत्ती नाही.

निर्णयाची रात्र

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या घरी बसलो. खोलीत आम्ही चौघं, बाहेर गॅलरीत शेजारच्या काकूंचा कान. वडिलांनी आपल्या वहीत रकाने आखले होते: फी, राहणं, विमा, विमान, तीन वर्षं. रुपयांतली बेरीज दीड कोटीच्या पुढे गेली. ते काही बोलले नाहीत, पेनाचं टोपण लावलं.

तिला जायचं होतं. ‘न्यूयॉर्क मिळालंय ताई, परत मिळेल का?’ आईला वाटत होतं की आत्याकडून थोडे, सोनं ठेवून थोडे, असं काहीतरी जमवावं. मी आकडे पुढे केले. शिक्षणानंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बारा महिने काम करता येतं. जादा २४ महिने विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळतात, नाट्य व्यवस्थापनाला सहसा नाही. म्हणजे दीड कोटीचं कर्ज फेडायला तिथे पक्कं असं एकच वर्ष. आणि परत आल्यावर मराठी नाटकाच्या ऑफिसात पगार किती, हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

लंडन स्वस्त पडत होतं, एकाच वर्षाचं. तिथे मी थोडी डळमळले. पण शिष्यवृत्त्यांच्या तारखा आमच्या हातून निघून गेल्या होत्या. चेव्हनिंग आणि चार्ल्स वॉलेसची तयारी विद्यापीठाच्या अर्जाच्या बरोबरीने, किंवा आधीच करावी लागते. आम्ही आधी प्रवेश, मग पैसे, असा क्रम धरला होता.

रात्री अकराला ती म्हणाली, ‘नको. पुढच्या वर्षी पुन्हा.’ दोन्हीकडे नकार कळवला. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो. पण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, हेही खरं.

दुसरं वर्ष : काय बदललं

मे महिन्यात सुरुवात केली, नाटकांची सुट्टीतली गर्दी ओसरायच्या आधीच.

क्रम उलटा केला. आधी पैसे. विद्यापीठांची यादी करताना पहिला प्रश्न एकच: परदेशी विद्यार्थ्याला फीमाफी किंवा असिस्टंटशिप मिळते का? नाही म्हटलं की नाव कापलं. न्यूयॉर्क त्यात गेलं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्ये कला आणि सांस्कृतिक व्यवस्थापन हा विषय आहे, पण तिथे चार वर्षांच्या अमेरिकी पदवीच्या तोडीचं शिक्षण लागतं; नुसती तीन वर्षांची बी.कॉम. पुरत नाही. ते दार बंद. इनलॅक्स शिष्यवृत्तीला ती वयात बसत होती, मात्र तिथे अर्ज करताना हातात प्रवेश लागतो. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून कर्जशिष्यवृत्त्या देतंय, त्याची तारीख आम्ही कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली.

पदवीचा प्रश्न ईमेलने मिटवला. अर्जाची फी भरायच्या आधी प्रत्येक ठिकाणी नाट्यविभागाला आणि पदव्युत्तर कार्यालयाला एकच पत्र, दोघांना एकत्र: माझी पदवी तीन वर्षांची आहे, चालते का, मूल्यांकन लागतं का, कोणाचं? सातांपैकी दोघांनी नाही म्हटलं. प्रत्येक अर्जाला ७५ ते १२५ डॉलर पडतात. दोन अर्जांचे पैसे वाचले. उरलेल्यांसाठी मूल्यांकन करून घेतलं. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, सीलबंद मिळायला वेळ लागतो हे धरून तो अर्ज जूनमध्येच टाकला.

रेझ्युमेतून ‘प्रॉडक्शन मॅनेजर’ गेलं. त्याजागी कंपनी मॅनेजर आणि बॉक्स ऑफिस, आणि खाली एका ओळीत खुलासा: मराठी व्यावसायिक रंगभूमीवर ही कामं एकच व्यक्ती करते, तिला सूत्रधार म्हणतात. मूळ शब्द तसाच ठेवला. तो शब्द पुढे मुलाखतीत खूप उपयोगी पडला, कारण त्यांनीच त्याबद्दल विचारलं.

शिफारसपत्र काकांकडून घेतलं. ते मराठीत बोलले, मी फोनवर रेकॉर्ड करून जसंच्या तसं लिहून काढलं, एका अनुवादक मैत्रिणीने इंग्रजी केलं. काकांचा ईमेल पत्ता काढला, त्यांनी मुलाच्या मदतीने स्वतः ते पत्र विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवलं. पत्राच्या तळाशी मूळ मराठी आहे, अनुवाद अमक्याचा, असं नमूद केलं. त्यात विशेषण एकही नव्हतं. एका पावसाळी रविवारची गोष्ट होती. दुपारी चारचा प्रयोग, सकाळपासून पाऊस, अडीचला गाड्या बंद, प्रमुख नट कुर्ल्याला अडकलेला. आत दोनशेच्या वर प्रेक्षक येऊन बसलेले. नट येण्याची वाट बघत ताटकळत ठेवायचं की प्रयोग रद्द करायचा? हिने साडेतीनला रंगमंचावर जाऊन लोकांना खरं काय ते सांगितलं आणि दोन पर्याय दिले: पैसे परत, किंवा त्याच खुर्चीवर पुढच्या महिन्याच्या तारखेचं तिकीट. मग खिडकीवर स्वतः बसली. निम्म्याहून अधिक लोकांनी तारीख बदलून घेतली. जे घरी जाऊ शकत नव्हते त्यांना काकांकडून पैसे घेऊन चहा आणि वडापाव दिला, आणि तो खर्च हिशोबात ‘प्रेक्षक’ या नावाने वेगळा लिहिला. काकांचं शेवटचं वाक्य असं होतं: ‘तीस वर्षांत मी असा रकाना कधी काढला नव्हता.’

उद्देशपत्राची सुरुवातही त्याच रविवारपासून करावी का, यावर आम्ही बराच खल केला. दोन कागदांत एकच प्रसंग नको, म्हणून तिने निळी वही घेतली. मेगाब्लॉक म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगून ती थेट आकड्यांवर गेली, आणि मग आपल्याला काय येत नाही ते लिहिलं: देणग्या कशा उभ्या करतात, विश्वस्त मंडळापुढे अंदाजपत्रक कसं मांडतात, सभासद योजना कशी चालते. आपलं अज्ञान इतक्या नेमकेपणाने लिहायला मोठी समज लागते. तो कागद वाचून मला तिचा फार अभिमान वाटला.

अंदाजपत्रकाचा नमुना जोडायचा होता. निर्माता आकडे बाहेर द्यायला तयार नव्हता आणि त्याचं चुकीचं नव्हतं. तोडगा निघाला तो टक्केवारीचा: एकूण उत्पन्नापैकी नाट्यगृह किती, नाईट किती, जाहिरात किती. त्याने वाचून होकार दिला. डॉलरमध्ये रूपांतर मुद्दाम केलं नाही. प्रयोगाचा खर्च डॉलरमध्ये मांडला की तो हौशी नाटकाचा वाटतो, प्रमाण मात्र कुठेही समजतं.

मुलाखतीत विचारलं, तिकिटाचा वरचा दर कसा ठरवता? तिने सांगितलं की ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यामुळे ५०० ही रेघ आहे. ती ओलांडली की प्रेक्षकाला तिकीट एकदम महाग पडतं, आणि न ओलांडता वरच्या दराच्या पुढच्या रांगांची संख्या वाढवता येते. पुढचा अर्धा तास ते तिकीटदरावरच बोलत राहिले.

निकाल

पाच अर्ज. दोन नकार, एक प्रतीक्षायादी, दोन प्रवेश. त्यातला एक सरकारी विद्यापीठाचा, फी माफ आणि आठवड्याला वीस तासांची असिस्टंटशिप, विद्यापीठाच्या तिकीट कार्यालयात. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर वीस तासांचीच मर्यादा असते, त्यामुळे त्याहून जास्त कमाई होणार नाही हे गृहीत धरून हिशोब केला. वरच्या राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी कर्जशिष्यवृत्ती आणि तिची स्वतःची बचत.

दुसऱ्या विद्यापीठाचं उत्तर यायचं होतं आणि पहिलं लवकर होकार द्या म्हणत होतं. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांनी एक ठराव मान्य केला आहे: आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही. तिने नम्रपणे त्याचा दाखला देऊन दहा दिवस मागून घेतले, ते मिळाले. शेवटी पहिलंच घेतलं.

व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात. अधिकाऱ्याने विचारलं, नाटक चालवायला पदवी कशाला? तिने दोन वाक्यांत उत्तर दिलं: मुंबईत मी पाचहून जास्त वर्षं हे काम अनुभवाने केलंय, परत येऊन संस्थेच्या पद्धतीने करायचंय, माझी फी माफ आहे आणि काम तिकीट कार्यालयात आहे. व्हिसा मिळाला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्यातले जवळजवळ हजार डॉलर आणि एक दुःखी एप्रिल टळू शकला असता. पैशाचा प्रश्न आधी विचारला असता तर न्यूयॉर्कचा अर्जच गेला नसता आणि तो नाकारायची वेळ आली नसती. प्रवेश मिळून सोडावा लागणं हे नकारापेक्षा जास्त लागतं, विशेषतः घरच्यांना.

पदाच्या नावाची चूक माझी. मी तिथल्या दोन-तीन नाट्यगृहांची कर्मचारी यादी वाचली असती, कोण काय करतो एवढं बघितलं असतं, तरी ती लक्षात आली असती. आता मी प्रत्येक अर्जदाराला आधी तो गृहपाठ देते.

लंडनबद्दल मात्र मला अजून खात्री नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही ते जवळजवळ विसरलोच. चेव्हनिंगचा अर्ज वेळेत केला असता तर ती कदाचित एका वर्षात शिकून परत आली असती, आणि वडिलांच्या तब्येतीकडे बघता ते सोयीचं होतं. अमेरिका ठरली ती बऱ्याच अंशी आधीच्या वर्षाच्या ओढीने. त्या वेळी कोणीतरी बाहेरच्या माणसाने आम्हाला थांबवून विचारायला हवं होतं.

सध्या

ती दुसऱ्या वर्षात आहे. असिस्टंटशिपचं दरवर्षी नूतनीकरण होतं, तिसऱ्या वर्षाचं पत्र अजून यायचंय; ते आलं नाही तर काय, याचा कागद तिने आत्ताच करून ठेवलाय. ऑफिसात तिच्या जागी आलेला मुलगा नालासोपाऱ्याचा आहे. मागच्या महिन्यात निर्मात्याने तिला फोन करून तिकडच्या तिकीट कार्यालयाच्या साप्ताहिक अहवालाचा नमुना मागवला. तिने तो मराठीत करून पाठवला, मेगाब्लॉकचा रकाना स्वतःहून घालून. परवा शिवाजी मंदिरला गेले तेव्हा प्रयोगानंतर काका आणि तो मुलगा टेबलावर वाकून तो तक्ता भरत होते, आणि ‘प्रेक्षक’ या रकान्यात चहाचे पैसे लिहायचे की नाही यावर दोघांचं एकमत होत नव्हतं.